बदलीवाल्याला बढती नसते

शांती नगर, मीरा रोड
सोमवार, ८ ऑक्टोबर २००७

प्रिय साईराज,

चिरंजीव लिहून खाली अनेक उत्तम आशीर्वाद, अशी पत्राची सुरुवात करायची मला सवय आहे. पण आशीर्वाद देण्याइतका माझा राग उतरलेला नाही, म्हणून नुसतं प्रिय लिहिलंय. तेवढं खरं आहे. फोन मी करणार नाही. तुझा फोन बरोबर मी दूध आणायला खाली उतरलो की येतो, हे मला कळत नाही असं तुला आणि तुझ्या आईला वाटतं. मी वर येतो तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून उभी असते आणि विचारलं तर "मजेत आहे" एवढंच सांगते. पाच महिने मी तुझं 'मजेत आहे' ऐकतोय. गणपतीला तू गावी आला नाहीस तेव्हाही तू मजेतच होतास. पुण्याहून रत्नागिरी काही विलायत नाही. आरतीला सगळं गाव विचारत होतं आणि मी सगळ्यांना कामाचं कारण सांगत होतो. आयुष्यात मी कधी कुणाला खोटी गेटपास दिली नाही, ती तुझ्यासाठी दिली. पण तो विषय नंतर. हे पत्र तुझ्या त्या खेळाबद्दल आहे. तिथे माझ्यावर अन्याय झालाय आणि तो तुझ्या कानावर घालणं मला भाग आहे, कारण मी बसतोय ती जागा तुझी आहे.

तुला यातलं किती माहीत आहे कोण जाणे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू गेल्यावर जूनमध्ये तुझा मित्र ईश्वर आणि ती भाईंदरच्या इंद्रलोकमधली, तुझ्याच ऑफिसातली मनाली, अशी दोघं आपल्याकडे आली. मला वाटलं तुझा पत्ता हवा असेल. तर ईश्वरने प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला आणि तुझ्या आईच्या हातात असा दिला, जसं कुणी गेल्यावर त्याचं घड्याळ घरी आणून द्यावं. वर तुझ्या अक्षरात तुझ्या खेळातल्या माणसाचं नाव लिहिलेलं होतं, हैबत कुलूपतोडा, लेव्हल तीन. खाली ताकद, चलाखी, हिंमत असे आकडे, पेन्सिलने लिहून खोडून पुन्हा लिहिलेले. ईश्वर म्हणाला, "तीन रविवार सायराज आला न्हाय, काका. आता हैबतला खाडीत बुडवायला लागंल. नियमच हाय तसा." तुझी आई 'बुडवायला' ऐकूनच मटकन बसली. मला मात्र चीड आली. कायम कामगार रजेवर गेला तर त्याचं नाव कुणी पटावरून काढत नाही, त्याच्या जागी बदली लावतात. हे साधं तत्त्व ज्या खेळात नाही तो खेळ कसला? मी म्हटलं, हैबतला कुणी हात लावायचा नाही, मी बदली म्हणून बसतो. ती दोघं एकमेकांकडे बघून हसली. तुझी आई हसली नाही. ती आत जाऊन मला इस्त्रीचा शर्ट काढून देऊ लागली, आणि तो दिवस रविवारसुद्धा नव्हता.

मला माहीत आहे तू आता काय म्हणशील. ज्या खेळाला मी 'चोवीस वर्षांच्या घोड्याची भातुकली' म्हणत होतो, त्यात मी जाऊन बसलो. हो, बसलो. दहा जूनपासून दर रविवारी दुपारी तीन वाजता मी भाईंदर पश्चिमेला ईश्वरच्या घरी जातो. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत ते जुनं टेबल, त्यावर तुम्ही काढलेला खाडीचा आणि बेटांचा नकाशा, आणि त्या नकाशावर तुमच्या चौकडीतल्या बंटीने सांडलेलं फरसाण. ईश्वर सूत्रधार. तो गोष्ट सांगणार, आपण तिघांनी आपापल्या माणसातर्फे काय करायचं ते बोलायचं, आणि जमलं की नाही ते वीस तोंडांच्या फाशाने ठरवायचं. शत्रू हरवले, संकटं टाळली की गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की माणूस जास्त ताकदीचा होतो. मनाली वैदू आहे, बंटी भालाईत. आणि माझ्या पोराने स्वतःसाठी निवडला तो कोण, तर कुलूपतोडा. एकोणतीस वर्षं ज्याने रंगाच्या कारखान्यातल्या स्टोअरच्या किल्ल्या सांभाळल्या, त्याच्या घरात हे रत्न निपजलं. पहिल्या रविवारी मला एका गोदामाचं कुलूप तोडायला सांगितलं तर माझ्याने ते होईना. शेवटी मी विचारलं की या गोदामाचा कारकून कोण आहे, दुसरी किल्ली त्याच्याकडे असणार. बंटी म्हणाला, "अंकल, हम चोर हैं, कस्टमर नहीं." पण दुसरी किल्ली सापडली, कारकुनाच्या खुर्चीवरून दिसेल अशाच खिळ्यावर. मी ती घेतली आणि नेल्याची नोंद करायला रजिस्टर मागितलं. त्यावर तिघं पाच मिनिटं हसत होते.

तर आता अन्याय. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. आम्ही मगरी मारल्या, जकातदाराला फसवलं, बेटावरच्या भुताला मार्गी लावलं. लेव्हल तीन ती तीनच. बंटीकडे त्या इंग्रजी नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स आहे. ती मी घरी आणून चष्मा लावून, तुझी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली. त्यात स्पष्ट लिहिलंय की साधारण तीन-चार बैठकींत एक लेव्हल मिळावी. ईश्वरला विचारलं तर शांतपणे म्हणतो, मी पुस्तकाच्या चौथ्या हिश्शाचेच गुण देतो. का, तर पुस्तकाच्या चालीने गेलं की सहा महिन्यांत माणूस देवासारखा होतो, मग खाडीतली मगर त्याला पालीएवढी वाटते आणि गोष्टीत काही उरत नाही. आणि कुणाचे किती गुण झाले ते तो सांगतही नाही, वही मांडीवर धरून बसतो. साईराज, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. एकोणीस वर्षं मी सहायक स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपरचं सगळं काम मी करायचो आणि सही दुसऱ्याची. दर वर्षी साहेब म्हणायचे, तुमचं चाललंय, योग्य वेळी होईल. योग्य वेळ त्यांच्या वहीत असायची आणि वही त्यांच्या मांडीवर. अकरा रविवार मी गप्प बसलो, कारण मी बदली होतो आणि मला तुझं नाव खराब करायचं नव्हतं. बाराव्या रविवारी मी मागणीपत्र घेऊन गेलो.

मी खरंच मागणीपत्र लिहिलं होतं. तीन मागण्या. गुणांची वही सर्वांना बघायला मिळावी. गुण पुस्तकाप्रमाणे पूर्ण मिळावेत. आणि अकरा रविवारांचा फरक मागील तारखेपासून लागू व्हावा. बंटीने लगेच सही केली. मनालीने वाचलं, म्हणाली, "काका, हे जरा टू मच होतंय," पण माझं तोंड बघून तिनेही केली. ईश्वर वाचून हसला. मग मी फासा उचलून शर्टाच्या खिशात टाकला आणि सांगितलं की मागण्या मान्य होईपर्यंत फासा पडणार नाही. कारखान्यात चार संप पाहिले मी, एकाचंही पुढारपण केलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण छाती जरा फुगली होती. पाऊण तास सगळे गप्प बसलो. ईश्वरची आई चहा घेऊन आली आणि विचारू लागली, "कोन गेला का रं?" शेवटी ईश्वरने वही टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या. सगल्या मागन्या मंजूर."

त्या दिवशी आम्ही तिघं एका झटक्यात तीनवरून सहावर गेलो. मी घरी येताना तुझ्या आईसाठी मोगऱ्याचा गजरा आणला. तिने कारण विचारलं तर म्हटलं, लेव्हल मिळाली. पुढच्या रविवारी आणखी एक मिळाली. लेव्हल सात. त्या दिवशी खाडीच्या तळाशी राहणारा तो खारा राक्षस समोर आला, ज्याला तुम्ही दोन वर्षं घाबरत होता. मनाली सांगत होती, त्याचं नाव निघालं की तू खुर्चीत पाय वर घेऊन बसायचास. तर तो राक्षस बंटीच्या दुसऱ्या भाल्यात मेला. दुसऱ्या. बंटीने विचारलं, "बस? इतना ही?" मी एका कुलपाला नुसता हात लावला आणि ते उघडलं, फासा टाकायचीही गरज पडली नाही, कारण माझी चलाखीच तेवढी झाली होती. वीस मिनिटांत सगळं आटोपलं आणि आम्ही फरसाण खात भारताची मॅच बघितली. त्याच्या पुढच्या रविवारी, नऊ सप्टेंबरला, मी एकटाच गेलो होतो. बंटीने शादी में जाना है म्हणून सांगितलं, मनालीने डोकं दुखतंय म्हणून. ईश्वर नकाशाची घडी घालत होता.

आता जे लिहितोय ते मला जड जातंय, पण लिहितो. त्या दिवशी घरी परत येताना मला दुःख झालं नाही, तर आनंद झाला. मनात म्हटलं, बघ, मी सांगत होतो. तुला एप्रिलमधली ती संध्याकाळ आठवत असेलच. तू पेढ्यांचा डबा घेऊन आलास आणि म्हणालास, बाबा, मला टीम लीडर केलं. मी विचारलं, लागून किती महिने झाले? तू म्हणालास, आठ. आणि मी म्हटलं, "आठ महिन्यांत? मग ती बढती नव्हे, प्रसाद आहे. रांगेत उभा राहील त्याच्या हातावर ठेवतात." शेजारचे बसले होते, ते हसले. तू डब्याचं झाकण लावलंस, डबा फ्रिजमध्ये ठेवलास, जेवलास, कामावर गेलास. महिन्याभरात पुण्याची बदली मागून घेतलीस. त्या डब्यातला एकही पेढा कुणी खाल्ला नाही. शेवटी तुझ्या आईने तो वॉचमनला दिला. तर त्या दिवशी मी रिक्षात बसून मनाशी म्हणत होतो की घाईने मिळालेली लेव्हल अशीच पोकळ असते, हे आता तुझ्या मित्रांनाही कळलं. इतका माझा राग होता तुझ्यावर. आणि माझ्या पोरावर माझा कशाचा राग आहे, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

गणपतीचे दोन रविवार गावी गेले. तीस सप्टेंबरला मी परत गेलो तेव्हा तिघंही आले होते. मीच बोललो. संप मी केला, मोडायचाही मीच पाहिजे. म्हटलं, आम्हाला परत तीनवर घाला. बंटी म्हणाला, "अंकल, अपना डिमोशन खुद माँग रहे हो?" पण त्यालाही बरं वाटलं, ते दिसलं. खारा राक्षस आम्ही सर्वांनुमते जिवंत केला. मात्र मी एक हट्ट धरला. हळू जा, किती हळू जायचं ते जा, पण वही मांडीवर नको. लेव्हल कधी द्यायची हे एकट्याने ठरवायचं नाही. ईश्वरच्या आजोबांची मिठागरं होती, तुला माहीत आहे. तो म्हणाला, आजोबा उधाणाचं पाणी आत घ्यायचे, मग एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत न्यायचे. ऊन पडेल तसं. घाईने ओढलं तर मिठाबरोबर चिखल येतो, आणि उशीर केला तर मीठ कडवट होतं. मी विचारलं, मग वेळ झाली हे कसं कळायचं? तर म्हणाला, "मीठ पिकलंय का न्हाय ते मीठ न्हाय सांगत, काका. बघनारा सांगतो." त्यावरून नवा नियम ठरला. गुण बंद. आपली लेव्हल आपण मागायची नाही. आपल्या माणसाने असं काही केलं की जे आजवर त्याला जमलं नव्हतं, तर टेबलावरच्या दुसऱ्या कुणीतरी उभं राहून ते सांगायचं. बाकीच्यांना पटलं तर लेव्हल. मला नियम आवडला, पण खरं सांगू, त्याने मला थोडं टोचलंही. एकोणीस वर्षांत माझ्यासाठी कारखान्यात कुणीही उभं राहून काही बोललं नव्हतं. योग्य वेळ आली ती फक्त वरचा माणूस निवृत्त झाला म्हणून.

काल आम्ही खाडीच्या उघाडीपाशी अडकलो. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधाला जी लाकडी झडप असते, ती. पलीकडे गाव, अलीकडे उधाण. झडपेचं कुलूप हैबतने उघडलं, मनाली आणि बंटी पलीकडे निसटले, पण आता झडप पुन्हा लावायची तर कुणीतरी पाण्याच्या बाजूला राहायला हवं होतं. मी म्हटलं, हैबत राहील. स्टोअर बंद करणारा माणूस शेवटी निघतो, त्यात विचारायचं काय? ईश्वर म्हणाला, पंधराच्या वर पाहिजे. पहिल्यांदा चार पडले. दुसऱ्यांदा अकरा. लेव्हल सातवर असतो तर फासाही टाकावा लागला नसता. तिसऱ्यांदा नऊ पडले, आणि ईश्वर म्हणाला, पाणी गळ्याशी आलंय, आता शेवटचा. मी फासा कपाळाला लावला, साईराज. एकोणसाठ वर्षांचा माणूस मी, आणि एका प्लास्टिकच्या फाशाच्या पाया पडलो, कारण तुझा हैबत माझ्या हातून बुडला असता. सतरा पडले. बंटी ओरडला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल.

मग बंटी उभा राहिला आणि त्याने झडपेचं सांगितलं, त्याच्या त्या हिंदीत, हातवारे करून. मी मान खाली घालून ऐकत होतो. माझ्याबद्दल कुणी उभं राहून बोलतंय हे ऐकायची मला सवय नाही. त्यानंतर मनाली उभी राहिली. म्हणाली, "काका, मी आधीच्या हैबतबद्दल बोलू का?" तिने सांगितलं की तू खेळायचास तेव्हाही हैबत प्रत्येक दाराचं कुलूप आधी उघडायचा आणि स्वतः शेवटी आत जायचा, दोन वर्षं, प्रत्येक दाराला, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, काल मी तसंच केलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. मग म्हणाली, "ऑफिसमध्येपण तो असाच होता. त्याला आठ महिन्यांत टीम लीडर का केलं, तुम्हाला माहितीय ना?" मला माहीत नव्हतं. मग तिने सांगितलं. तुमच्या मालाडच्या ऑफिसात सहा नवी पोरं लागली होती. फोनवर परदेशी गिऱ्हाईक शिव्या घालायचं, पोरं रडायची, महिन्याअखेर त्यांना काढणार होते. तू तुझी शिफ्ट संपल्यावर घरी न येता त्यांच्या शेजारी बसायचास, कानाला दुसरा हेडफोन लावून, दीड महिना. सहाही टिकली. आणि तू काही मागितलं नव्हतंस. ती सहा पोरं आपणहून मॅनेजरकडे गेली आणि उभं राहून त्यांनी तुझं सांगितलं. मनाली म्हणाली, "आम्हाला वाटायचं, घरी तर सगळ्यांना माहितीच असेल."

मला संताप आला. हे तू जेवताना का सांगितलं नाहीस? त्या दीड महिन्यात तू उशिरा यायचास आणि मी म्हणायचो, कुठे उंडारतो कोण जाणे. तेव्हा का नाही तोंड उघडलंस? तोंडात काय मूग धरले होतेस? असं मी रिक्षात, जिन्यात, घरी हातपाय धुताना मनातल्या मनात तुला विचारत होतो. रात्री जेवताना ते मोठ्याने विचारलं. तुझ्या आईने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "तुम्ही बोलू दिलंत कुठे?" एवढंच. तिने ते रागानेही म्हटलं नाही. आणि मग तिने मला एक आठवण करून दिली, जी मी विसरलो होतो, किंवा विसरायचं ठरवलं होतं. शहाण्णव साली मला एकदाचं स्टोअरकीपर केलं, तेव्हा मी घरी येऊन काहीच बोललो नाही. एकोणीस वर्षांनी मिळालेल्या गोष्टीचं काय कौतुक, म्हणून पत्र कपाटात टाकलं. ते तुला सापडलं. तू तेरा वर्षांचा होतास. तू आईकडून पेढे मागून घेतलेस आणि आपल्या बिल्डिंगचे पाचही मजले फिरलास, प्रत्येक दाराची बेल वाजवून सांगितलंस, माझे बाबा स्टोअरकीपर झाले. मी वरून हाका मारत होतो, पुरे झालं म्हणून ओरडत होतो. मला शरम वाटत होती. आणि आतून इतकं बरं वाटत होतं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो होतो. एकोणीस वर्षांत माझ्यासाठी कुणीच उभं राहिलं नाही असं मी वर लिहिलंय. ते चूक आहे. ते खोडत नाही, तसंच राहू दे, तुला दिसू दे.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल तिघांनाही पटलं आणि हैबतला चौथी लेव्हल मंजूर झाली. ईश्वरने तुझा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी 'तीन' खोडलेलं नाही. बदलीवाल्याला बढती नसते, ती कायम माणसाची असते, हे मी त्यांना सांगितलं आणि या वेळी कुणी हसलं नाही. कागद तसाच टेबलावर आहे, पेन्सिल वर ठेवलेली. येत्या एकवीस तारखेला दसरा आहे आणि रविवारच आहे. तुझ्या आईला मी सांगितलेलं नाही, तू आला नाहीस तर तिला दुसऱ्यांदा कारण काय सांगू? तीन वाजता ईश्वरकडे ये आणि तुझी लेव्हल तुझ्या हाताने लिही. मी फक्त एवढ्यासाठी थांबणार आहे की नियमाप्रमाणे ज्याची लेव्हल, त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी बोलावं लागतं. हैबतचं बंटी आणि मनालीने सांगून झालंय. पण त्या आठ महिन्यांचं या घरातल्या कुणीही अजून सांगितलेलं नाही. ते मी सांगणार आहे, सगळ्यांसमोर, आणि उभा राहून.

तुझाच, आणि तोवर तुझ्या जागेवर बसलेला,
बाबा